सात शेरांची ढाल

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की त्या राजाचे नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्याच्या पारखी मंडळाची नावे आठवावीत असे त्या मंडळाने काही केले नाही. मुलांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर जागचे उठूच नका. गोष्ट तुमची आहे.

चारी बाजूंनी डोंगर असलेले एक राज्य होते. आत यायला वाट एकच, एक अरुंद खिंड. पाऊस सरून वाटा वाळल्या की पलीकडचा शत्रू त्या खिंडीवर चालून येई. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की राज्याची फौज खिंडीत जाऊन उभी राही. शत्रू दुरून बाण सोडत असे. त्यामुळे तिथे शिपायाचा जीव तलवारीच्या भरवशावर नसे, ढालीच्या भरवशावर असे.

ढाली एका व्यापाऱ्याकडून घेतल्या जात. त्या पारखून घ्यायचे काम पाच वडीलधाऱ्यांच्या पारखी मंडळाकडे होते. पाचही जण मोठे मानाचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्यापैकी एकानेही गेल्या चाळीस वर्षांत खिंड पाहिलेली नव्हती.

शस्त्रागाराच्या दारात मूळ राजाने रोवलेला एक दगड होता. दगडावर नियमाची एकच ओळ कोरलेली होती: ‘भार पाहून घ्यावी ढाल.’

म्हणून मंडळ ढाली तोलत असे. तोलणे एवढेच करत असे. शस्त्रागारात छताला एक भला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात मापाचा दगड, दुसऱ्यात ढाल. ढालीचे पारडे खाली बसले की तराजू धरणारा खणखणीत आवाजात पुकारा करी, “भार भरला!” हा पुकारा झाल्याशिवाय एकही ढाल शिपायाच्या हाती द्यायची नाही, अशी रीत होती.

पूर्वी मापाचा दगड तीन शेरांचा होता. पण प्रत्येक नव्या थोरल्या पारख्याला आपण आधीच्यापेक्षा कडक आहोत हे दाखवायचे असे. कुणी तीनाचे चार केले, कुणी चाराचे पाच. आताचे थोरले पारखी अप्पा यांनी तर एकदम सातावर नेले. त्या दिवशी त्यांना शाल मिळाली. शिपायांना खांदेदुखी मिळाली. ते आपापसात ढालीला ‘जाते’ म्हणू लागले.

तराजू धरायचे काम एका घराण्याकडे होते. त्या घरातल्या बापाला मोतीबिंदू झाला, काट्याची जीभ दिसेना, म्हणून ते काम त्याच्या लेकीकडे आले. तिचे नाव भिवरा. हात स्थिर, नजर तीक्ष्ण, आणि जीभ नजरेहून तीक्ष्ण. तिचा धाकटा भाऊ हैबती फौजेत होता. यंदा खिंडीत पहिल्या रांगेत उभे राहायची पाळी त्याच्या तुकडीची होती.

“अक्का,” हैबती तिला म्हणाला, “यंदा मी ढाल छातीपुढे धरणारच नाही. शत्रू जवळ आला की त्याच्या पायावर टाकणार. जन्माचा लंगडा होईल.”

भिवरा हसली. आठ दिवसांनी तिला त्या हसण्याची लाज वाटणार होती.

*

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. तीनशे नव्या ढाली शस्त्रागारात आल्या होत्या. काळ्याभोर, तेल लावून चकचकीत केलेल्या, पितळी फुलांच्या. पाच पारखी लोडाला टेकून बसले होते आणि भिवरा एकेक ढाल तोलत होती.

बाविसाव्या ढालीच्या वेळी पारड्याची दोरी सटकली. ढाल कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पडली. एवढ्याशा उंचीवरून एखादे पितळी घंगाळ पडले असते तर त्याला पोचाही आला नसता. ढालीला मात्र या काठापासून त्या काठापर्यंत तडा गेला, आणि तड्यातून वाळलेली माती भुरुभुरु गळू लागली.

भिवराने ढाल उचलून पाहिली. वर कातड्याचा एक पातळ पदर, खाली एक पातळ पदर, आणि मध्ये ठासून भरलेला चिखल. म्हशीच्या कातड्याचे चार चार पदर शिवून केलेली ढाल कशी असते ते तिला माहीत होते. ही ढाल नव्हती. ही कातड्याची उशी होती.

ती तशीच मंडळासमोर गेली.

“अप्पा, हे बघा. आत माती आहे.”

“किती भरली होती?” अप्पांनी विचारले.

“सात शेर. पण आत माती...”

“सात पूर्ण?”

“पूर्ण सात. पण अप्पा, माती!”

“आता किती भरते?”

भिवराने दात आवळून फुटकी ढाल पुन्हा पारड्यात ठेवली. “पाच.”

“मग ही नापास,” अप्पा म्हणाले. “भार कमी आहे. बाजूला ठेव. पुढची घे.”

“पुढचीतही मातीच असणार.”

“असेल,” दुसरे पारखी म्हणाले. “पण ती अजून बाहेर तर आलेली नाही ना?”

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

“तुम्ही ढालीवर एकदा मारून का बघत नाही?” भिवरा म्हणाली. “घण घ्या, कुऱ्हाड घ्या, काहीही घ्या. एक घाव घाला. टिकली तर घ्या.”

पाचही जणांचे चेहरे असे झाले, जणू बोहल्यावर चढलेल्या नवरीला दोन थपडा मारून बघा, असेच ती म्हणाली होती.

“नव्या कोऱ्या वस्तूवर घाव घालायचा?” तिसरे पारखी म्हणाले. “अगं, फुटेल ना!”

“तेच तर बघायचंय!”

“पोरी,” अप्पा सावकाश म्हणाले, “मी मंडळात आलो तेव्हा तुझा बाप रांगत होता. आम्हाला शिकवायला तू आलीस? दगडावर काय लिहिलंय? भार. मार लिहिलंय का कुठं? जा, त्या दगडापुढं उभी राहा आणि ती ओळ शंभर वेळा वाच. म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.”

*

आता गंमत ऐका. शिक्षा देणाऱ्यांना वाटते की शिक्षा भोगणारा मान खाली घालून उभा राहील. वाचायला सांगितले तर तो खरोखरच वाचील, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

भिवरा दुपारच्या उन्हात दगडापुढे उभी राहिली आणि वाचू लागली. आत पारखी मंडळ जेवून वामकुक्षी घेत होते. दगडाला दर दसऱ्याला शेंदूर फासत. शंभर वर्षांच्या शेंदराची बोटभर जाड खपली त्यावर चढली होती. दगडाची अक्षरे कुणी पाहिलीच नव्हती. लोक वाचत होते ते शेंदरावर उमटलेले त्यांचे खळगे.

चाळिसाव्या वेळी तिची नजर पहिल्या अक्षरावर अडली. ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक तो केवढा! डोक्यावरची रेघ अखंड असली की ‘म’. तीच डावीकडे जराशी तुटली आणि तिथे गाठ आली की ‘भ’. ही तुटलेली जागा दगडात आहे की शेंदरात?

तिने नखाने टोकरले. शेंदराचा पोपडा निघाला. मग तिने केसातला आकडा काढून खरवडायला सुरुवात केली. खपली पडत गेली आणि खालून काळा दगड दिसू लागला. रेघ सरळ होती. अखंड होती. गाठ होती ती शेंदराच्या गुठळीची.

मूळ राजाने कोरले होते: ‘मार पाहून घ्यावी ढाल.’

भिवराने हाक मारून सगळ्या मंडळाला झोपेतून उठवले.

“शेंदूर खरवडलास!” अप्पा ओरडले. “देवाच्या अंगावरचा शेंदूर!”

“देव नाहीये तो, अप्पा. नियम आहे. तुम्ही त्याला देव केलंत म्हणून तुम्हाला तो वाचावा लागला नाही.”

दोन पारखी खाली बसून अक्षर निरखू लागले. एक म्हणाले, “म दिसतोय खरा.” दुसरे म्हणाले, “जुन्या काळी भ असाच काढत असतील.” तिसरे म्हणाले, “मला तर हा स वाटतोय.” चौथ्यांना जवळचे दिसत नव्हते, पण मत होते. अर्धी घटका वाद झाला. शेवटी अप्पांनी निर्णय दिला. अक्षर म की भ, याचा विचार जाणत्या लोकांना बोलावून पुढच्या दसऱ्यापर्यंत करावा. तोवर वहिवाट आहे तशी चालू ठेवावी. यंदाच्या ढाली भार पाहून वाटाव्यात.

“अप्पा,” भिवरा म्हणाली, “तुम्ही वर्षभर म आणि भ करत बसाल. पण बाणाला वाचता येत नाही.”

“उद्धट!” अप्पा म्हणाले.

घरी बापाने ऐकले आणि कपाळाला हात लावला. “भिवरे, मोठ्या माणसांच्या तोंडी लागायचं नसतं. तीस वर्षं मी ते काम केलं. आपलं काम काटा धरायचं. ढालीत काय आहे ते बघायचं नाही.”

“बाबा, काटा धरणारी तुमची लेक आहे. ढाल धरणारा तुमचा लेक आहे. मग बघायचं कुणी?”

“गप्प बस,” बाप म्हणाला. मोठ्या माणसांचे हे नेहमीचे आहे. उत्तर नसले की ते आपल्याला शांत राहायला सांगतात.

*

दसऱ्याची सकाळ उजाडली. शस्त्रागारापुढच्या पटांगणात राजा चौरंगावर बसला होता. एका बाजूला त्याची खाशी तुकडी होती, साठ जणांची, भरजरी फेट्यांची. दुसऱ्या बाजूला गावोगावचे शिपाई होते, त्यांत पुढे हैबती. तराजू पटांगणात आणून टांगला होता. पहिली ढाल पारड्यात ठेवली गेली. पारडे खाली बसले.

सगळे पुकाऱ्याची वाट पाहू लागले. भिवरा गप्प उभी राहिली.

“भरला ना भार?” अप्पांनी विचारले.

“भरला.”

“मग पुकार!”

“नाही पुकारणार.”

पटांगणात माना उंचावल्या.

“महाराज,” भिवरा राजाकडे वळून म्हणाली, “या ढालींत माती आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय. आठ दिवस सांगतेय. ही पहिली ढाल माझ्या भावाच्या हातात जायचीय. माझ्या तोंडच्या दोन शब्दांनी तो मरणार असेल, तर ते शब्द मी उच्चारणार नाही. फक्त एक करा. तुमच्यासमोर या ढालीवर एकच घाव घालू द्या.”

राजाने अप्पांकडे पाहिले. अप्पांनी हात जोडले.

“महाराज, आम्ही पाच जण मिळून दोनशे वर्षं तुमच्या घराण्याच्या सेवेत आहोत. एका पोरीच्या सांगण्यावरून आज पारख करायची, म्हणजे आजवर आम्ही केली नाही असंच म्हणायचं.”

“तसंच म्हणतेय मी,” भिवरा म्हणाली.

राजा तरुण होता, पण तरुण असून म्हातारा होता. मोठ्यांना दुखवायचे नाही, एवढेच त्याला राज्यकारभार म्हणून शिकवलेले होते. तो म्हणाला, “मंडळानं पाहिलंय ना? मग झालं. तिच्या हातातून तराजू काढून घ्या.”

तराजू काढून घेतला. पण पुकारा कुणी करायचा? रीत अशी, की तो त्या घराण्यातल्याच माणसाने करायचा. अप्पांनी भिवराच्या बापाला पुढे बोलावले. म्हातारा चाचपडत आला. ढालीवरून त्याने हात फिरवला. मग बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा टिचकी मारली. मडक्यावर मारल्यासारखा बद्द आवाज आला. तीस वर्षांत त्याने ढालीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“माझ्याच्यानं व्हायचं नाही,” तो म्हणाला, आणि लेकीशेजारी जाऊन उभा राहिला.

मग अप्पा स्वतः उठले, तराजूजवळ गेले आणि ओरडले, “भार भरला!” रीत, रीत म्हणून ज्यांनी आठ दिवस घोकले, त्यांना ती मोडायला एक श्वास पुरला.

पहिली ढाल हैबतीपुढे आली. हैबतीने हात मागे घेतला.

“महाराज, राज्याची ढाल घेतो तो बारगीर. स्वतःचं हत्यार स्वतः आणतो तो शिलेदार. नियमानं दोघांनाही खिंडीत जाता येतं ना?”

“येतं,” राजा म्हणाला.

“मग मी आजपासून शिलेदार. माझी ढाल मी आणतो.”

“मीपण शिलेदार!” मागून कुणीतरी ओरडले. मग आणखी एक, मग सगळी रांग. बघता बघता शंभर बारगिरांचे शंभर शिलेदार झाले.

फक्त ढाल एकाकडेही नव्हती.

*

तेव्हा भिवरा गावाकडे धावली. कुणाकुणाच्या घरात काय आहे ते तिला ठाऊक होते. मापाचा दगड वाढत गेला तशा जुन्या हलक्या ढाली नापास होत गेल्या होत्या आणि लोकांनी त्या घरी नेल्या होत्या. कुणी कणगीवर झाकण म्हणून ठेवली होती, कुणी कोंबड्यांच्या डाल्यावर. काही जणी तिच्यावर पापड वाळवत होत्या.

“ढाली काढा!” भिवरा दारोदार ओरडत गेली. “मुसळंही काढा!”

चावडीपुढे ढालींचा ढीग पडला. बायका मुसळे घेऊन आल्या. भिवराने नियम सांगितला. प्रत्येक ढालीवर तीन घाव, अंगात असेल तेवढ्या जोराने. फुटली तर चुलीत. टिकली तर खिंडीत.

एक म्हातारी आपली ढाल छातीशी धरून उभी होती.

“आजी, द्या इकडं. का तुमची राहू द्यायची?”

“राहू द्यायची कशाला?” म्हातारी म्हणाली. “माझ्या सासऱ्याची आहे. चांगला माणूस होता. मार गं, जोरात मार. फुटायची असली तर इथंच फुटू दे.”

मोठ्यांमध्येही शहाणी माणसे असतात. फक्त त्यांना मंडळावर कुणी घेत नाही.

दिवसभर मुसळे चालली. वाळवी लागलेल्या, कुजलेल्या ढाली पहिल्याच घावाला गेल्या. दोनशेपैकी एकशे सात टिकल्या. म्हातारीची त्यांत होती. ती हैबतीने घेतली. त्या ढालीला अजून पापडखाराचा वास येत होता.

खाशा तुकडीचा नाईक गोंदाजी आपली चकचकीत ढाल मिरवत बाजूने गेला. तो हसून म्हणाला, “काय हैबतीराव, खिंडीत वाळवणं घालायला निघालात?”

“नाईक,” भिवरा म्हणाली, “हसा. पण तुमच्या ढालीवर एकदा मुसळ घालू द्या.”

“नको बाई. राजानं दिलीय. ओरखडा पडला तर मंडळ रागवेल.”

तो वाईट माणूस नव्हता. हुकूम मानणारा होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे ऐकताना तुम्हाला त्याचा राग येऊ नये. राग कुणाचा यायचा ते तुमचे तुम्हाला कळेल.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी शत्रू आला.

अप्पांनी आधीच निरोप धाडला होता, की पापडाच्या ढाली पुढे दिसल्या तर राज्याची शोभा जाईल. नव्या ढाली पुढे ठेवाव्यात. म्हणून खिंडीच्या तोंडाशी खाशी तुकडी उभी राहिली आणि हैबतीच्या माणसांना मागे उभे केले.

बाणांची पहिली सर आली. साठ ढाली एकदम वर झाल्या. त्या जड होत्या, काहींना वेळेत उचलताच आल्या नाहीत. ज्या उचलल्या गेल्या त्या कडाकड फुटल्या. माती डोळ्यांत गेली, फेट्यांवर सांडली. धूळ खाली बसली तेव्हा अकरा जण पडले होते. त्यांत गोंदाजी नाईक होता. त्याच्या हातात ढालीची फक्त मूठ उरली होती.

“बाजूला व्हा! वाट द्या!” हैबती ओरडला. मागची रांग पुढे सरकली. शंभर ढाली एकमेकींना भिडल्या. दुसरी सर आली. बाण ढालींत रुतले, काही घरंगळले. तिसरी सर आली, चौथी आली. एकही ढाल फुटली नाही. संध्याकाळपर्यंत शत्रूचे भाते रिकामे झाले आणि तो आल्या वाटेने परत गेला.

हैबती घरी आला. दंडाला जखम होती, पण चालत आला. भिवराने त्याला दारातच मिठी मारली. मग घरात न जाता ती सरळ राजवाड्याकडे निघाली. कारण अकरा घरी कुणीच चालत आले नव्हते.

*

राजाने पारखी मंडळाला आणि ढालींच्या व्यापाऱ्याला बोलावले होते. त्याचा चेहरा उतरला होता.

“एकही ढाल सात शेरांहून कमी नव्हती,” अप्पा म्हणाले. “मंडळाची चूक नाही. चूक असलीच तर या व्यापाऱ्याची.”

व्यापारी बेरका होता, पण त्या दिवशी तो खरे बोलला. “महाराज, आधी मी चार पदरी ढाली आणायचो. त्या हलक्या म्हणून परत यायच्या. यांनी भार मागितला, यंदा मी भार दिला. मार कुणी मागितलाच नाही.”

राजाने मान खाली घातली. मग अप्पा घसा खाकरून म्हणाले, “झालं ते वाईट झालं. पण ही गोष्ट या चार भिंतींतच राहावी. ढाली फुटतात असा बोभाटा झाला, तर शत्रूच्या कानावर जाईल.”

“शत्रूनं त्या फोडल्यात, अप्पा!” भिवरा दारातून म्हणाली. “त्याला माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त आपल्याच लोकांना.”

“ही पोर अजून उद्धटच आहे,” अप्पा पुटपुटले.

“आहे. मी जिवंत माणसांसाठी उद्धट झाले. तुम्ही नम्र राहिलात, आणि अकरा माणसं गेली. त्यांच्या आयांसमोर जाऊन सांगा, भार भरला होता म्हणून.”

राजा म्हणाला, “तुझा तराजू तुला परत देतो.”

“तराजू नको, महाराज. घण द्या. आणि हे मंडळ बरखास्त करा. जे खिंडीत उभे राहतात, त्यांनाच ढाल पारखू द्या. आणि ती पारख चावडीपुढं होऊ द्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तुमच्याही.”

राजाने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांकडे न बघता उत्तर दिले. “दिलं.”

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी महिनाभर चावडीपुढे घणांचा आवाज चालू होता. हैबती, त्याचे सोबती आणि खाशा तुकडीतले वाचलेले शिपाई ढाली पारखत होते. पहिल्या दिवशी तीनांतल्या दोन ढाली फुटल्या. व्यापारी रडकुंडीला आले. घरी बसलेले माजी पारखी कानांत बोळे घालून म्हणत, “काय हा गोंगाट! राज्याची अब्रू चालली!” पण दुसऱ्या आठवड्यात निम्म्याच फुटल्या, तिसऱ्यात मोजक्याच, आणि शेवटच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घण पडत राहिले तरी एकही फुटली नाही.

डोंगरांतून आवाज लांबवर जातो. खिंडीपलीकडे शत्रूचे टेहळे रोज कान देऊन बसत. त्यांनी आपल्या सरदाराला जाऊन सांगितले, “ते लोक स्वतःच स्वतःच्या ढालींवर घाव घालतात. आधी फुटण्याचा आवाज यायचा. आता फक्त घणाचा येतो.”

सरदाराने थोडा वेळ विचार केला आणि घोड्यांवरचे खोगीर उतरवायला सांगितले. त्या वर्षी खिंडीत कुणी आले नाही.

तात्पर्य: जे राज्य आपल्या माणसांच्या प्रश्नांचा मार सोसत नाही, ते शत्रूच्या बाणांचा मार कधीच सोसू शकत नाही.